बाबा नको म्हणतायत, भाऊ म्हणतो केस टाकीन

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय. वडील ७४ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, दोन केमो झाल्या आणि आता बाबा स्वतःच म्हणतात, बास, मला परत अॅडमिट करू नका, नळ्या घालू नका. पुण्याचा भाऊ म्हणतो ट्रीटमेंट थांबवलीस तर तुझ्यावर केस टाकीन. डॉक्टर म्हणतात कोर्टाची ऑर्डर आणा. ताईंचा प्रश्न एवढाच की मी गुन्हा करतेय का.

नाही ताई, अजिबात नाही. आणि खरं सांगायचं तर आत्ता हा निर्णय तुमचाही नाही न् भावाचाही नाही. बाबा शुद्धीत आहेत, समजून उमजून बोलतायत, म्हणजे केमो घ्यायची की नाही हे तेच ठरवणार, त्याला कुठल्याही कोर्टाची परवानगी लागत नाही.

डॉक्टर ऑर्डर का मागतात तेही सांगतो. २०११ मध्ये केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की बेशुद्ध पेशंटला जगवणारे उपचार थांबवायचे तर हायकोर्टाची मंजुरी घ्या, ते अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलंय. पण ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कुठले उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणं, मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची किचकट प्रोसिजर बरीच सोपी केली. आता पेशंट स्वतः सांगू शकत नसेल तर उपचार थांबवायचे का हे आधी हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टरांचं बोर्ड बघतं, मग दुसरं बोर्ड, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला, शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं, आणि मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. हायकोर्टात कधी जायचं, तर बोर्डाने नाही म्हटलं तर. लिव्हिंग विल नसलं तरी हाच रस्ता आहे, पण मग जवळच्या नातेवाइकांची संमती लागते आणि तिथे तुमचा भाऊ आडवा येणार हे तुम्हालाही माहितीये.

म्हणून बाबा बोलू शकतायत तोवर लिव्हिंग विलचा कागद करून घ्या. पाचशेचा स्टँपपेपर आणला की झालं असं समजू नका, खरी गरज आहे दोन साक्षीदारांची आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरच्या सहीची. साक्षीदार तुम्ही नको, जावई पण नको, शेजारचे कुणीतरी बघा. मजकूर मोघम नको. "मला त्रास देऊ नका" असं लिहिलेलं आयसीयूत रात्री दोन वाजता कुणाला काही सांगत नाही, त्यापेक्षा सरळ लिहा की बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, छाती दाबून हार्ट चालू करणं नको, डायलिसिस नको, दुखणं कमी करणारी औषधं मात्र हवीत. बाबांच्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव घाला. दोघांचं घालावं का? माझं मत, नको. एकाने हो आणि एकाने नाही म्हटलं की डॉक्टर हात वर करतात. पण नाव बाबांनीच सांगायचं, तुम्ही सुचवायचं नाही, आणि तेवढ्यासाठी पाच मिनिटं खोलीबाहेर थांबा. एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिकेत.

दोन गोष्टी राहिल्या. बाबा वैतागून "एखादं इंजेक्शन देऊन टाका" म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र कायद्याने गुन्हा आहे, देणारा डॉक्टर असला तरी. पण दुखण्यासाठी मॉर्फिन देणं म्हणजे ते इंजेक्शन नव्हे, ते कायदेशीर आहे, पॅलिएटिव्ह केअरवाल्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना विचारा.

आणि भाऊ. केस टाकीन म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो, शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्याला बापाची रात्र दिसत नाही. त्याला नोटिशीने उत्तर देऊ नका, बाबांनाच व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलू दे. सकाळी नऊच्या सुमारास ते नीट बोलतात म्हणताय ना, मग नोटरीलाही घरी तेव्हाच बोलवा, दुपारच्या औषधानंतर नको, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल की गुंगीत अंगठा घेतला.