रिक्वेस्टला नाव कुठून आणायचं?

प्रश्न : मी एम. टेक.ची विद्यार्थिनी, पाषाणला राहते. तापमानाच्या ग्रिडचा माझा एमपीआय (प्रोसेसनी एकमेकांना संदेश पाठवण्याचं मानक) प्रोग्राम पूर्व-पश्चिम मांडलेल्या दोन प्रोसेसवर नीट चालतो. आठवर (चार स्तंभ, दोन ओळी) मात्र वेटऑलपाशी, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट (सुरू केलेली पाठवणं-घेणं) पुऱ्या होईपर्यंत थांबणाऱ्या कॉलपाशी, अडकतो. कम्युनिकेटरचं (प्रोसेसच्या गटाचं) नाव गेट_नेमने मिळतं, तसं अडकलेल्या रिक्वेस्टचं कसं मिळवायचं?

उत्तर : मिळत नाही, कारण एमपीआयच्या मानकात रिक्वेस्टला नावच नसतं. १९९७च्या एमपीआय-२ने कम्युनिकेटर, डेटाटाइप आणि विंडो यांना नावं दिली. रिक्वेस्ट त्या यादीत नाही, आणि मला ते पटतं. एका फेरीत जन्मून संपणाऱ्या, लाखोंनी निघणाऱ्या वस्तूला लायब्ररीने नाव का सांभाळावं? ते काम आपलं.

रिक्वेस्टच्या अ‍ॅरेशेजारी त्याच क्रमाने दुसरा अ‍ॅरे ठेवा. त्यात लिहा: पाठवणं की घेणं, दिशा, शेजारी रँक (प्रोसेसचा क्रमांक), टॅग (संदेशावरची आकड्याची खूण), कितवी फेरी. रिक्वेस्टसाठी लायब्ररी जे हँडल देते, त्याच्या आकड्यावरून नाव शोधू नका. ते बँकेतल्या टोकनासारखं आहे: काम झालं की परत जातं आणि तोच आकडा दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. वेट पूर्ण होताच तुमच्याकडे रिक्वेस्ट_नल, म्हणजे रिकामं हँडल, उरतं. वेटकडून मिळणाऱ्या तपशिलावर, स्टेटसवरही विसंबू नका. पाठवण्याच्या रिक्वेस्टसाठी त्यातल्या सोर्स आणि टॅगला अर्थ नसतो.

आता वेटऑलच्या जागी तात्पुरता लूप लिहा. प्रत्येक रिक्वेस्टवर रिक्वेस्ट_गेट_स्टेटस बोलवा. काम झालं की नाही ते कळतं आणि रिक्वेस्ट मोकळी होत नाही. दहा सेकंदांनी जे उरलं असेल त्याची नावं छापा. ‘रँक ५, घेणं, दक्षिण, शेजारी १, टॅग १२’ अशी ओळ दिसली की निम्मं काम झालं. हे आधी लॅबच्या मशीनवरच करा. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या परम ब्रह्मा महासंगणकासारख्या यंत्रावर जॉब रांगेत थांबतो, आणि मग अडकलेला बघणं जिवावर येतं. कोड फार मोठा असेल तर पीएमपीआयने (एमपीआयचे कॉल मधेच पकडायची सोय) आयसेंड (पाठवणं), आयरिसीव्ह (घेणं) आणि वेट अडवून तिथेच नोंद ठेवता येते. तुम्हाला त्याची गरज नाही.

दोन प्रोसेसच्या मांडणीत उत्तर-दक्षिण शेजारीच नव्हते, म्हणून माझा पहिला संशय त्या टॅगवर आहे. रँक १ आपल्या उत्तरेला पाठवतो, तेव्हा रँक ५ ते दक्षिणेकडून घेतो. दोघांनी आपापल्या दिशेचा टॅग लावला तर जुळणी कधीच होत नाही. टॅग संदेश कुठे चालला आहे त्यावरून ठरवा: उत्तरेकडे जाणाऱ्याचा ११, दक्षिणेकडे जाणाऱ्याचा १२, मग पाठवणारा असो वा घेणारा. वरच्या नमुन्याच्या ओळीत म्हणूनच १२ खटकायला हवा. तिथे ११ हवा.