केकच्या रेसिपीतला १ कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? घरातली वाटी घेतली तर चालेल का?

साधारण १२० ते १२५ ग्रॅम. पण तो कसा भरता यावर सगळं अवलंबून आहे. कप थेट डब्यात खुपसून दाबून भरला, तर तोच मैदा १५० ग्रॅमपर्यंत जातो आणि केक कोरडा, घट्ट होतो. मैदा आधी चमच्याने मोकळा करा, हलक्या हाताने कपात घाला आणि सुरीच्या पाठीने वरची शीग काढून सपाट करा.

कप हे आकारमान आहे, वजन नाही. त्यामुळे त्याच कपात साखर २०० ग्रॅम बसते, लोणी सुमारे २२५ आणि पिठीसाखर साधारण १२०च. अमेरिकन रेसिपीतला कप अंदाजे २४० मिली, ऑस्ट्रेलियन २५०. मोठा चमचा १५ मिली (ऑस्ट्रेलियात मात्र २०), छोटा ५.

वाटीचं म्हणाल तर लाडू, शिरा, इडलीला बिनधास्त वापरा. तिथे प्रमाण महत्त्वाचं, एकच वाटी शेवटपर्यंत ठेवली की झालं. केकमध्ये मात्र अंडी आणि बेकिंग पावडर वाटीने मोजत नाही, म्हणून गणित बिघडतं. वाटी वापरायचीच असेल तर रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. माझी रोजची आमटीची वाटी १६० मिलीची निघाली, म्हणजे दीड वाटी बरोबर एक अमेरिकन कप.

छोटा डिजिटल काटा घ्याच, फार मदत होते.