तुमचे प्रश्न: घरबसल्या बघायच्या ॲनिमेशन शॉर्ट फिल्म्स

मागच्या अंकात जगभरच्या ॲनिमेशन शॉर्ट फिल्म्स ऑनलाइन बघण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, माफ करा. सारखे सारखे आलेले प्रश्न एकत्र केलेत.

ताई, एका फेस्टिव्हलचा ऑनलाइन पास घेतला. पैसे कट झाले, मेल आला, लॉगिन पण झालं, आणि आत गेल्यावर निम्म्या फिल्म्सवर 'तुमच्या भागात उपलब्ध नाही'! मग पास विकलाच कशाला? आणि वीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून बघतोय असं साइटला भासवणारं ॲप, लावलं तर चालेल का?

तुमचं चिडणं एकदम रास्त आहे. माझं पण झालंय असं, तेव्हा रात्री दीड वाजता आयोजकांना हा लांबलचक मेल लिहिला होता आणि सकाळी परत वाचल्यावर माझीच मला लाज वाटली. कारण यात बऱ्याचदा त्यांच्या हातात फार काही नसतं.

कसं असतं, सात मिनिटांची फिल्म असली तरी ती कधी दोन-तीन देशांतल्या निर्मात्यांनी मिळून केलेली असते, त्यात एखाद्या टीव्ही चॅनेलचे पैसे असतात आणि त्या बदल्यात त्या चॅनेलने आपल्या देशात दाखवायचे हक्क आधीच घेऊन ठेवलेले असतात, उरलेले देश डिस्ट्रिब्युटरकडे. म्हणजे फेस्टिव्हलला एकेका फिल्मसाठी वेगळं विचारावं लागतं की बाबा कुठल्या कुठल्या देशात दाखवू, किती दिवस दाखवू, किती जणांना दाखवू. हो, किती जणांना हे पण ठरलेलं असू शकतं, म्हणून ऑनलाइन शो सुद्धा हाऊसफुल होतो, लोकांना हा जोक वाटतो पण खरं आहे. शिवाय फिल्म एकदा सगळ्या जगाला उघडी करून टाकली की ज्या फेस्टिव्हलला 'आमच्याकडे पहिल्यांदा' असं म्हणायचं असतं त्यांचा इंटरेस्ट कमी होतो. त्यामुळे करणारे लोक आधी वर्ष-दीड वर्ष फिल्म फेस्टिव्हल्समधून फिरवतात आणि मग नेटवर सोडतात. हे गणित २०२० मध्ये जरा हललं. फ्रान्समधलं ॲनसीचं फेस्टिव्हल १९६० पासूनचं, ॲनिमेशनवाल्यांची पंढरीच म्हणा, ते सुद्धा त्या जूनमध्ये ऑनलाइन भरवावं लागलं, बाकीच्यांनी पण तेच केलं. पण दार उघडलं तरी हक्कांचे कागद जुन्याच पद्धतीचे राहिले.

वीपीएनचं विचाराल तर माझं मत नको असंच आहे. एक तर बहुतेक ठिकाणच्या अटींमध्ये ते बसत नाही, पास बंद होऊ शकतो, आणि दुसरं म्हणजे ज्या माणसाने चार वर्षं घालून फिल्म केली त्याने कुणाला तरी शब्द दिलेला असतो, तो आपण का मोडायचा. त्यापेक्षा पास घ्यायच्या आधी फिल्म्सची यादी उघडून बघा, देशाची अट कित्येकदा तिथेच बारीक अक्षरात लिहिलेली असते. घेऊन झाला असेल तर साधा मेल करा, कुठून बघताय ते लिहा, पैसे परत मिळतील का विचारा. दीड वाजता नको.

पैसे खर्च करायच्या आधी फुकट काय बघता येईल? यूट्यूबवर शोधलं तर नुसता कचरा येतोय.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डच्या साइटवर जा, सगळे त्याला एनएफबी म्हणतात. १९३९ ची सरकारी संस्था आहे आणि २००९ पासून त्यांनी आपला खजिना नेटवर फुकट बघायला ठेवलाय. आता खजिना हा शब्द मी उगाच वापरत नाही. तिथलं ॲनिमेशन उभं केलं नॉर्मन मॅकलॅरेन या माणसाने, आणि त्याची 'नेबर्स' नावाची आठ मिनिटांची फिल्म आहे १९५२ ची, तिच्यापासून सुरुवात करा. दोन शेजारी, मधे एक फूल उगवतं, आणि ते कुणाचं यावरून भांडण. एवढीच गोष्ट. पण यात चित्रं नाहीतच, खरी माणसं आहेत, त्यांना बाहुल्यांसारखं एकेक फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, हलवून शूट केलंय, त्यामुळे माणसं जमिनीवरून घसरत जातात, हवेत तरंगतात. या पद्धतीला पिक्सिलेशन म्हणतात. आणि गंमत म्हणजे हिला ऑस्कर मिळालं ते शॉर्ट डॉक्युमेंटरीचं! का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

एक सांगून ठेवते, शेवटी शेवटी त्यात बायका-पोरांना मारायचा एक प्रसंग येतो, अंगावर येतो अगदी. मधली काही वर्षं तो कापून टाकला होता आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात लोकांचं मत बदलल्यावर परत जोडला. तेव्हा लहान मुलं शेजारी बसवू नका.

त्यानंतर 'बीड गेम' बघा, १९७७. ही ईशू पटेल यांची. गुजरातचा माणूस, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतून कॅनडात गेला. काळ्या पडद्यावर नुसते मणी, हजारो, ते सरकत सरकत एकमेकांना गिळणारे प्राणी होतात, मग माणसं, मग लढाया, थेट अणुबॉम्बपर्यंत. सहा मिनिटं पण नाहीत. ऑस्करला नॉमिनेशन होतं. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मोबाइलवर बघितली आणि नंतर मोठ्या स्क्रीनवर, आणि खरं सांगते, या दोन वेगळ्या फिल्म्स आहेत. मोबाइलवर मणी दिसतच नाहीत, नुसता रंग दिसतो. लॅपटॉप तरी घ्या.

कार्टून आहे म्हणून सात वर्षांच्या मुलीला ऑनलाइन शो लावून दिला आणि मी स्वयंपाकघरात गेले. ती रडत बाहेर आली. असं कसं दाखवतात हे लोक?

अगं, ते मुलांसाठी नव्हतंच. ॲनिमेशन ही करायची पद्धत आहे, वय नाही. युद्ध, म्हातारपण, आजार, सेक्स, सगळ्यावर फिल्म्स असतात आणि स्पर्धेतल्या बहुतेक मोठ्यांसाठीच असतात. बऱ्याच फेस्टिव्हल्समध्ये मुलांसाठीचं वेगळं पॅकेज असतं, वयाचा आकडा लिहिलेला असतो, तेच लाव आणि पहिल्यांदा शेजारी बस.

तिला 'हेजहॉग इन द फॉग' दाखव. युरी नॉर्स्टाइनची, १९७५, दहा मिनिटं. एक साळूसारखा छोटा प्राणी अस्वल मित्राकडे निघालाय आणि वाटेत धुक्यात हरवतो, बस. थोडी भीती आहे पण गोड भीती, शेवटी मित्र भेटतो. आणि ते धुकं कॉम्प्युटरचं नाही हं, अगदी पातळ कागद चित्रावर ठेवून तो फ्रेमगणिक कॅमेऱ्याच्या दिशेने थोडा थोडा वर उचलत नेलाय, म्हणून खालचं चित्र विरघळल्यासारखं होतं. तिला बघून झाल्यावर ट्रेसिंग पेपर देऊन बघ, तासभर शांत बसेल.

निम्म्या फिल्म्समध्ये कुणी बोलतच नाही, कधी संपते कळत नाही, आणि एका पॅकेजमध्ये आठ-नऊ बघितल्या की सगळ्यांचा काला होतो डोक्यात. मी मूर्ख आहे का?

अजिबात नाही, तुम्ही फक्त वेबसिरीजच्या वेगाने बघताय. शॉर्ट म्हणजे झटपट असा आपला समज आहे, आणि इथे तो उलटा पडतो. मोठ्या सिनेमात पाच मिनिटं डुलकी लागली तरी गोष्ट सापडते, इथे पाच मिनिटं म्हणजे अर्धी फिल्म गेली.

न बोलण्याचं एक साधं कारण असं की सबटायटल करायची गरज राहत नाही, कुठल्याही देशात चालते. पण खरं कारण वेगळं आहे, चित्राला स्वतःलाच सांगू द्यायचं असतं. मिखाएल डुडोक द वित यांची 'फादर अँड डॉटर' बघा, २००० ची, आठ मिनिटं, ऑस्कर मिळालेली. वडील होडीत बसून जातात, मुलगी सायकलवरून परत परत त्याच किनाऱ्यावर येते, मोठी होते, म्हातारी होते, सायकल तीच आणि वारा तसाच. एक शब्द नाही. यात तोंडाने काय सांगणार होते कुणी?

आणि ऐकायचं विसरू नका. हेडफोन लावा. बोलणं नसतं तिथे आवाजच सगळं काम करतो, आणि लॅपटॉपच्या त्या फुटक्या स्पीकरवर ते निम्मं मरतं.

काल्याचा उपाय म्हणजे क्रम मोडू नका आणि मधे थांबा. ते पॅकेज कुणीतरी डोकं लावून जुळवलेलं असतं, जड फिल्मनंतर हलकी, लांब फिल्मनंतर दोन मिनिटांचा फटाका, गाण्याच्या मैफलीसारखं. आपण 'ही छान दिसतेय' म्हणत पाचवी आधी लावतो आणि मग कंटाळलो म्हणतो. थिएटरमध्ये दोन फिल्म्सच्या मधे काळोख असतो ना, तो घरी आपणच करायचा. प्लेअर पुढची आपोआप लावत असेल तर ते बंद करा, नावं संपेपर्यंत बसा, मिनिटभर छताकडे बघा. आवडलीच तर लगेच परत लावा, आठ मिनिटांच्या फिल्मची हीच तर मजा आहे. मात्र मुदत बघून, काही ठिकाणी प्ले दाबल्यापासून २४ किंवा ४८ तासच मिळतात.

एवढ्या छोट्या फिल्मला चार-चार वर्षं का लागतात?

हिशोब करा. सेकंदाला २४ फ्रेम्स, एक चित्र दोन फ्रेम्स ठेवलं तरी १२ चित्रं, म्हणजे दहा मिनिटांना ७,२०० चित्रं. आणि अलेक्झांडर पेत्रोव्ह यांनी 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९९९) काचेवर ऑइल पेंटने, बोटांनी रंगवली, पुढची फ्रेम म्हणजे आधीची पुसून त्यावरच. २० मिनिटांसाठी २९ हजारांहून जास्त. आधीचं चित्र परत मिळत नाही, चुकलं की चुकलं.

२८ ऑक्टोबरला सगळीकडे फुकट शो असतात म्हणे, खरं का?

सगळीकडे नाही, पण भरपूर. तो आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिवस. १८९२ साली याच तारखेला पॅरिसमध्ये एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेली चित्रपट्टी हातानेच फिरवून लोकांना दाखवली होती, म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाच्या तीन वर्षं आधी. आपल्या बहुतेक पट्ट्या त्यांनी पुढे वैतागून सेन नदीत फेकून दिल्या, काय म्हणायचं! असिफा ही ॲनिमेशनवाल्यांची जागतिक संस्था २००२ पासून हा दिवस साजरा करते. त्या आठवड्यात शोधा, ऑनलाइन पण मिळतं काही ना काही.

एका पासवर घरच्यांनी एकत्र बघितलं तर चालेल ना?

घरात एका स्क्रीनवर, बिनधास्त. हॉल घेऊन लोकांना बोलावणार असाल तर परवानगी लागते, आणि विचारलं तर करणारे लोक खूपदा आनंदाने हो म्हणतात, त्यांना बघणारं माणूस हवंच असतं. पासवर्ड मात्र ग्रुपवर टाकू नका.