३०६० की ४०६०? जीबीवर नको जाऊ

भाऊ, दुकानदार आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाची १२ जीबी मेमरी दाखवून भुलवते. खरं आहे ते; ४०६० ला ८च जीबी. मेमरी बसही (मेमरीतून डेटा जायचा रस्ता) १९२ बिटची विरुद्ध १२८ ची, कुडा कोर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) ३५८४ विरुद्ध ३०७२. कागदावर जुनंच भारी! तरी १०८०पी (फुल एचडी) गेममध्ये ४०६० बहुतेक वेळा पुढे राहते, कारण क्लॉक (चिपचा वेग) जास्त अन् एल२ कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) ३ ऐवजी २४ एमबी.

आपल्याकडे खरा हिशेब विजेचा. ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, त्यात लाइट गेली की पीसी यूपीएसवर. तिथं हे ५५ वॅट जाणवतात. गेमच खेळायचे असतील तर डोळे मिटून ४०६० घे. मात्र मदरबोर्डवरचा कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० चा असेल तर थोडा वेग जाईल, कारण ४०६० आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरते.

लग्नाचे फोर-के व्हिडिओ, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे जड सीन करणार असशील तर १२ जीबीचा विचार कर. फक्त खोक्यावर नीट पाहून घे. ३०६० ८ जीबीतही येते, अन् त्याची बस १२८ बिटचीच. ते फुकटात मिळालं तरच घे.