राउटर नवा आहे ना? मग आधी एवढं करा

ताई, दांडिया बाजारात घरं भिंतीला भिंत लागून. तुमचं वाय-फाय शेजारच्या गच्चीवरही पोचणारच. पण घाबरू नका, बडोद्यात बऱ्याच घरी वाय-फाय सुरक्षित करून दिलंय, अर्ध्या तासाचं काम आहे.

सगळ्यात आधी राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदला. नवखे इथेच चुकतात: वाय-फायचा बदलतात आणि सेटिंगच्या पानाचा कंपनीने दिलेला 'अ‍ॅडमिन' तसाच राहतो. राउटर उलटा करा, खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. तो ब्राउझरमध्ये टाकला की पान उघडतं.

मग तिथेच:
- सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी हा जुना, सहज फुटणारा प्रकार अजिबात नको.
- वाय-फायच्या पासवर्डात मोबाइल नंबर नको. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा; ६३ अक्षरांपर्यंत चालतात.
- डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो.

पाहुण्यांना गेस्ट नेटवर्कच (त्याच राउटरवरचं वेगळं वाय-फाय) द्या. गणपतीत आरतीला येणारी मुलं आमच्याकडे पासवर्ड मागतात. गेस्टचा कागद फ्रिजवर चिकटवलाय, घरचा कुणालाच सांगत नाही.

मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच जोडू देणारी यादी) वगैरेत आत्ता पडू नका. अडलात तर स्क्रीनचा फोटो पाठवा, पासवर्ड झाकून.