९१ टक्के, पण कितीतले? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई (वय ५८) वर्षभरापासून दिवसातल्या आठ तासांतच काय ते खाते, बाकी सोळा तास फक्त पाणी. वजन उतरलंय, शुगरही आटोक्यात आलीये. आता फॅमिली ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकलीये की अशा फास्टिंगने हार्टच्या आजाराने मरायचा धोका ९१ टक्क्यांनी वाढतो, अमेरिकेतल्या मोठ्या हार्ट संस्थेचा रिसर्च आहे म्हणे. आई घाबरलीये आणि मामा रोज फोन करून "बंद कर ते" म्हणतोय. काय करावं?

उत्तर : मामांना आधी सांगा की बातमी मार्च २०२४ ची आहे, अजून फिरतेय इतकंच. आणि तो त्या संस्थेचा रिसर्च नव्हता, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत काही संशोधकांनी तो मांडला होता. पूर्ण पेपर (शोधनिबंध) तेव्हा छापलेलाच नव्हता, नुसता सारांश आणि एक प्रेसनोट, आणि तेवढ्यावर जगभर हेडलाइनी झाल्या.

आता त्यांनी नेमकं केलं काय ते बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. अमेरिकेत एक मोठा सरकारी आरोग्य सर्व्हे चालतो, त्यातल्या वीस हजारांवर लोकांची २००३ ते २०१८ मधली माहिती घेतली. सर्व्हेत माणसाला विचारतात, काल काय काय खाल्लं आणि किती वाजता. असं दोन दिवसांचं विचारलं आणि त्या दोन दिवसांच्या उत्तरावरून त्याला आठ तासवाला किंवा बारा-सोळा तासवाला अशा गटात टाकलं, मग पुढे बरीच वर्षं मृत्यूच्या नोंदी तपासल्या. तुम्ही फास्टिंग करता का, हे कोणालाच विचारलेलं नाही! म्हणजे त्या दिवशी ज्याला ताप होता, ज्याची नाइट शिफ्ट होती, ज्याच्याकडे दुसऱ्या जेवणाला पैसे नव्हते, आजारपणामुळे ज्याला अन्नच जात नव्हतं, हे सगळे तुमच्या आईच्याच रांगेत जाऊन बसले. वीस हजारांतून या आठ तासांच्या गटात किती होते, तर जेमतेम चारशेच्या आसपास. त्यात सिगरेट ओढणारेही जास्त. आकडेमोडीत असे फरक वजा करतात हे खरं, पण वजा तेच करता येतं जे विचारलेलं असतं. शिवाय सगळ्या कारणांनी होणारे मृत्यू धरले तर या गटात ठळक फरक दिसला नाही, हे बातमीत शेवटी कुठेतरी असतं किंवा नसतंच.

म्हणून अभ्यास कचऱ्यात टाका असं मी म्हणत नाहीये, ज्यांना आधीपासून हार्टचा त्रास आहे त्यांच्याबद्दल अजून शोधायला हवं एवढं त्यातून नक्की निघतं. पण मग फास्टिंगच्या कौतुकालाही हाच नियम लावा ना! २०२२ मध्ये चीनमधल्या एका ट्रायलमध्ये १३९ लठ्ठ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, दोघांनाही कॅलरी सारख्याच कमी दिल्या, एका गटाला फक्त आठ तासांची वेळ पाळायची होती. वर्षाच्या शेवटी वजनात म्हणावा असा फरक नाही. म्हणजे आईचं वजन उतरलं ते बहुतेक कमी खाल्ल्यामुळे, घड्याळाची त्यात जादू नाही.

मामांनी खरं तर वेगळंच विचारायला हवं होतं. आईला शुगरची गोळी चालू आहे का? इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखं औषध घेऊन सोळा तास उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. गोळी चालू असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन डोस आणि वेळा नीट लावून घ्या, तिकडे ९१ टक्क्यांपेक्षा जास्त लक्ष द्या.

प्रश्न : आज चांगलं म्हणतात तेच उद्या वाईट. पाळी थांबल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांचंच घ्या, आधी हार्टला चांगल्या, मग वाईट, आता परत चांगल्या म्हणे. विश्वास ठेवायचा कशावर?

उत्तर : तुमचा वैताग कळतो, पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. आधीचे अभ्यास नुसतं निरीक्षण करणारे होते, आणि ज्या बायका स्वतःहून गोळ्या घेत होत्या त्या मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या, डॉक्टरकडे वेळेत जाणाऱ्या होत्या, त्यामुळे फायदा गोळीचा की परिस्थितीचा हे कळत नव्हतं. मग अमेरिकेत १६,६०८ बायकांवर खरी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून ट्रायल झाली आणि २००२ मध्ये ती वेळेआधी थांबवली. वर्तमानपत्रांत आलं, हार्टचा धोका २९ टक्के जास्त. प्रत्यक्षात १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींऐवजी ३७ जणींना त्रास झाला. सात जणी कमी नाहीत, पण २९ टक्के ऐकून जे चित्र डोळ्यापुढे येतं ते हे नव्हे. तिसरं म्हणजे त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. पन्नाशीत, पाळी नुकतीच थांबली असताना गोळी सुरू करणारीचा हिशोब वेगळा निघतो, हे पुढे वयाप्रमाणे आकडे फोडल्यावर दिसलं. मत फिरलं असं वाटतं, पण दर वेळी प्रश्न वेगळ्या बायकांबद्दल होता. हार्टसाठी म्हणून या गोळ्या आजही देत नाहीत, त्रासदायक हॉट फ्लशेससाठी (अंगातून अचानक गरम वाफा येणं) देतात.

प्रश्न : पेपर "मागे घेतला" म्हणजे तो खोटा होता का?

उत्तर : दर वेळी नाही. भूमध्यसागरी आहाराने (ऑलिव्ह तेल, सुकामेवा, भाज्या) हार्टचा धोका कमी होतो असं सांगणारा स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास, ७,४४७ लोकांचा, २०१३ ला गाजला, २०१८ ला मागे घेतला. एका ठिकाणी माणसागणिक गट पाडायच्या ऐवजी आख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला होता, काही घरांत नवरा-बायकोला एकाच गटात घातलं होतं. संशोधकांनी आकडे परत तपासून तोच अभ्यास सुधारून लगेच पुन्हा छापला, निष्कर्ष जवळपास तोच, भाषा मात्र जपून. याउलट मे २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात, कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाने मृत्यू वाढतात असं सांगणारा ९६,००० पेशंटचा पेपर आला, सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीच्या डेटावर. त्याने काही ट्रायली थांबल्यासुद्धा. मूळ डेटा दाखवा म्हटल्यावर कंपनीने नकार दिला, आणि पंधरवड्याच्या आतच पेपर मागे!