दळीची पावती जपून ठेवा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : ९ ऑगस्टला आमच्या कॉलेजात आदिवासी दिन होतो, तारपा वाजतो, भाषणं होतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा आमच्या पाड्याला उपयोग काय? (विद्यार्थिनी, डहाणू)

आमसभेने हा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. विरोधात होते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे चौघांनीही भूमिका बदलली. भारताने बाजूने मत दिलं, पण आमचे सगळेच नागरिक मूळनिवासी, असं म्हणून. त्यामुळे जाहीरनामा दाखवून तलाठ्याकडून सातबारा मिळणार नाही. तरी त्याचं दहावं कलम पाठ असू द्या : आधी सगळी माहिती देऊन, दबाव न आणता घेतलेल्या संमतीशिवाय कुणालाही त्याच्या जमिनीवरून उठवायचं नाही. आपल्याकडे हे बळ वनहक्क कायदा देतो, म्हणजे जंगलात राहणाऱ्या, तिथली जमीन कसणाऱ्या लोकांचे हक्क मान्य करणारा २००६ चा कायदा. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. तिथल्या लोकांच्या देवाधर्माच्या हक्कांना तिने बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नको म्हटलं. तारपा जरूर वाजवा, आणि त्याच दिवशी आपल्या ग्रामसभेचं इतिवृत्त मागून वाचा.

प्रश्न : आम्ही कातकरी. आज्याच्या नावची दळी कसतो. उपग्रहाच्या नकाशात शेती दिसत नाही म्हणून वनहक्काचा दावा फेटाळला. वर तीन पिढ्यांचा पुरावा मागतात. (सुधागड)

अशी पत्रं मला सगळ्यात जास्त येतात, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दळी म्हणजे डोंगरउतारावरचा वनजमिनीचा तुकडा, इंग्रजी अमदानीपासून कातकरी-ठाकर आदिवासींना नाचणी-वरीसाठी दिलेला. तो आलटून पालटून कसतात, मधली वर्षं पडीक ठेवतात. नेमक्या पडीक वर्षाचा फोटो काढला तर त्यात झुडपंच दिसणार!

वनहक्क कायद्याचा नियम १२-अ स्पष्ट आहे : उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला पूरक, त्याची जागा घेणारं नाही. अमुकच कागद आणा असा हट्टही धरता येत नाही, आणि दावा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची अट बिगर-आदिवासींना आहे. तुम्हाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा आहे. उपविभागीय समितीने नाकारलं असेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जा.

पुरावे एकाहून जास्त लागतात. दगडी बांध चालतो, घर चालतं, कुटुंबाबाहेरच्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. रोह्याकडच्या एका वाडीत एका आजीने पत्र्याच्या पेटीतून दळीची पावती काढली होती. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, घडीवर फाटलेली, शाई उडालेली. उन्हात तिरकी धरली तेव्हा कुठे नाव लागलं. तीही जोडली. तुम्हीही पेटी, माळा, देवाच्या फोटोची मागची बाजू, सगळं बघा. आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार असाल तर जागेची पाहणी त्याआधी करून घ्या. घराला कुलूप आणि पंचनामा मागाहून, यात कितीतरी दावे बुडालेत.

प्रश्न : आमच्या रायगडात पेसा लागू आहे का? (पेण)

नाही. पेसा, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा, फक्त आदिवासींसाठी जाहीर केलेल्या अनुसूचित क्षेत्रात लागू होतो, आणि कोकणात असं क्षेत्र आहे ते पालघर आणि ठाणे जिल्ह्यांत. वनहक्क कायदा मात्र तुमच्याकडेही लागू आहे.

प्रश्न : कर्जतजवळ एका ठाकर कुटुंबाची दोन एकर जमीन मिळते आहे. एजंट म्हणतो, कुलमुखत्यारपत्रावर काम होईल. (नोकरदार, पनवेल)

घेऊ नका. महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. १९७४ पासून हे बंधन आहे. कुलमुखत्यारपत्र ही त्यातून काढलेली पळवाट. उद्या चौकशी लागली की तुमचे पैसे जातील, एजंट फोन उचलणार नाही. पण मला काळजी त्या कुटुंबाची आहे. दोन एकर गेली की पुढच्या हंगामात ती माणसं उचल घेऊन भट्टीवर दिसतात, पोरांची शाळा सुटते.

प्रश्न : गुहागरला पर्यटकांसाठी आमचं घरगुती निवासस्थान (होमस्टे) आहे. नेटवरची वारली चित्रं पेंटरकडून भिंतीवर काढून घेतली तर चालेल का? (एक ताई)

तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि जाहीरनाम्याचं ३१वं कलम म्हणतं की अशा वारशावर त्या समाजाचा हक्क आहे. नेटवरून उचलू नका. डहाणू-जव्हारकडचा वारली चित्रकार बोलवा, पूर्ण मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च द्या, भिंतीवर त्याचं नाव लिहू द्या. एक जपा : लग्नाचा चौक, ज्यात पालघट देवी असते, तो सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. तो पूजेचा आहे. जेवणघराच्या भिंतीवर काय काढावं हे त्या चित्रकारालाच विचारा. चौक नको म्हणाला तर भातलावणी काढून घ्या.